जवळचं खोल, लांबचं उथळ

रतन शितोळे आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. वयाने माझ्याहून बरीच लहान, म्हणून मी तिला एकेरी हाक मारते. कोथरूडमधले बाकीचे लोक तिला 'मॅम' म्हणतात, कारण आसपासच्या सोसायट्यांमधल्या कितीतरी मुलांना तिने बॅडमिंटन शिकवलं आहे. मूळची ती लोणी काळभोरची. शाळेच्या मैदानावर, भर वाऱ्यात, दोन बांबूंना दोरी बांधून खेळायला शिकली. त्यामुळे उंच उडालेलं शटल कुठे उतरणार, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. शटल अजून वरच असायचं आणि ही खाली जाऊन तयार. मुलं विचारायची, "मॅम, तुम्हाला कसं कळतं?" ती म्हणायची, "बघितलं की कळतं. त्यात काय?"

हे उत्तर पुढे तिचं तिलाच पुरेना.

दोन वर्षांपूर्वी, एका संध्याकाळच्या सरावात, ती नेटपाशी पाठ करून उभी होती आणि पलीकडच्या कोर्टवरच्या मुलाला काहीतरी सांगत होती. सांगून झालं आणि ती वळली. त्याच क्षणी वैष्णवीने स्मॅश मारला. वैष्णवी तिची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी, नुकतीच कॉलेजात गेलेली, हातात भलती ताकद. शटल दिसायला पिसांचं असतं, पण त्याचं बूच डोळ्याच्या खोबणीत बरोब्बर बसतं. उजव्या डोळ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

"डावा डोळा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "सगळं दिसेल तुम्हाला."

आणि खरंच सगळं दिसत होतं. फक्त ते नेमकं कुठे आहे, ते कळत नव्हतं. चहा कपाच्या शेजारी ओतला जाई. मोहरी कढईच्या बाहेर पडे. जिन्याची शेवटची पायरी संपली तरी पाय अजून एक पायरी शोधत राही. दोरीवर कपडे वाळत घालताना हात दोरीच्या अलीकडेच मिटे. तिचा नवरा विश्वजीत हडपसरच्या एका आयटी कंपनीत आहे, शांत माणूस. तो न बोलता तिचा पाण्याचा पेला भरून ठेवू लागला, आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

"मला दिसतंय, अहो!"

"दिसतंय गं. पण..."

"पण काय?"

तो फडकं आणून कपाशेजारी सांडलेला चहा पुसू लागला.

बऱ्याच दिवसांनी ती बॅडमिंटनच्या हॉलवर गेली. सवयीने शटल वर उडवलं. छताच्या पांढऱ्या रंगावर ते कोणीतरी चिकटवल्यासारखं दिसलं, आणि मग एकदम तिच्या पाठीमागे येऊन पडलं. सगळी मुलं गप्प झाली. मुलं गप्प होण्यापेक्षा हसली असती, तर बरं झालं असतं, असं रतन मला म्हणाली होती. हॉलच्या मॅनेजरने तिला ऑफिसात बसायचं काम देऊ केलं. "विचार करून सांगते," म्हणून ती घरी आली आणि परत गेलीच नाही. वैष्णवी तर त्याआधीच यायची बंद झाली होती. फोनही नाही.

घरी तुटक्या शटलची एक पिशवी उरली होती. ही पिशवी असायची त्यालाही कारण होतं. आमच्या तळमजल्यावर माधव दातार राहतात. कला महाविद्यालयात आयुष्यभर छापचित्रं शिकवून ते निवृत्त झाले. त्यांच्या पार्किंगच्या जागेत गाडीऐवजी मोठं चाक असलेलं एक लोखंडी छापयंत्र आहे. धातूच्या पत्र्यावर सुईने रेषा काढायच्या, त्या आम्लात खोल करायच्या आणि शाई भरून कागदावर छापायच्या, हा त्यांचा उद्योग. त्या आम्लाच्या वासावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी वाद होतो. गेल्या वर्षी दातार उभे राहून म्हणाले, "वास येतो हे खरं. तुमच्या गाड्यांचाही येतो, पण त्यातून चित्र निघत नाही." तर या दातारांना पिसं लागत. पत्रा आम्लात असताना रेषांवर बुडबुडे जमतात, ते हलक्या हाताने बाजूला सारायला शटलचं पीस फार चांगलं. म्हणून रतन अधूनमधून एक पिशवी त्यांच्या दारात ठेवून जायची. कधी आत नजर टाकलीच तर भिंतीवर चित्रं दिसायची. चित्रं आहेत, एवढंच तिला दिसायचं.

ती शेवटची पिशवी तिला घरात नको झाली होती. दुपारी ती खाली गेली. दातारांनी थर्मासमधला चहा ओतून कप पुढे केला. रतनचा हात कपाच्या अलीकडेच मिटला. दातारांनी ते पाहिलं.

"घाई नाही," ते म्हणाले. "चहा कुठे जात नाही."

तिने टेबलाच्या कडेने हात सरकवत कप धरला आणि तोंड लपवायला म्हणून भिंतीकडे वळली. समोर एक लहानसं चित्र होतं, पोस्टकार्डाहून थोडं मोठं. हॉलंडमधलं, सतराव्या शतकातलं, ज्या काळाला कलेच्या पुस्तकात बरोक म्हणतात त्या काळातलं. कोणी केलं ते ठाऊक नाही. जुन्या पत्र्यावरून पुढे कधीतरी छापलेली ही प्रत दातारांच्या एका विद्यार्थ्याने परदेशातून आणली होती. पुढे एक वाकडंतिकडं म्हातारं झाड, बुंध्याशी टेकून बसलेला माणूस, मग पाण्याचं डबकं, मग मोडकं कुंपण, सपाट शेतं, आणि पार क्षितिजावर चर्चचा सुळका असलेलं नखाएवढं गाव. सगळं नुसत्या काळ्या रेषांत.

रतन चहा प्यायची विसरली.

"सर, हे आत जातंय."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. खिडकीतून बघितल्यासारखं. ते झाड इकडे आहे, आणि ते गाव... ते पार तिकडे, मैलभर. मी हे आधी कितीदा बघितलंय. तेव्हा असं नव्हतं."

"चित्र तेच आहे," दातार म्हणाले. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. त्यांनी एक कागद घेतला, त्याची सुरळी केली, एक डोळा मिटून दुसऱ्याने सुरळीतून चित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अरेच्चा," ते म्हणाले. सुरळी काढली, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, परत सुरळी लावली. "अहो, हे खरं आहे. आम्ही चित्र काढताना डोळा बारीक करतो, मिटतोही, पण याचा असा विचार मी कधी केला नव्हता."

ती दुपार दोघांनी भिंतीवरची सगळी चित्रं एका डोळ्याने बघण्यात घालवली.

पुढच्या तपासणीला रतनने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दोन डोळे असले की ते दोघे मिळून मेंदूला सांगत असतात, की हा कागद आहे, सपाट आहे. तुमचा एक साक्षीदार आता गप्प बसलाय. त्यामुळे चित्र जे सांगतं त्यावर तुमच्या मेंदूचा जास्त विश्वास बसतो."

"म्हणजे खऱ्या जगात मी फसते, आणि कागदावर मला तुमच्याहून जास्त दिसतं?"

डॉक्टर हसले. "असं अजून कोणी विचारलं नव्हतं. पण हो, साधारण तसंच. काळजी करू नका, मेंदू बाकीच्या खुणा वापरायला शिकतो. सावली, आकार, काय कशाच्या आड आहे, वगैरे. हळूहळू आपोआप होतं."

'आपोआप' हा शब्द रतनला पटला नाही. तिचा सगळा धंदाच त्याच्या विरुद्ध होता. जे येतं त्याचे तुकडे पाडता येतात आणि ते शिकवता येतात, यावर तर तिने इतकी वर्षं काढली होती. ती घरी न जाता थेट दातारांकडे गेली.

"सर, या माणसाकडे लांबचं-जवळचं दाखवायला रंग नव्हते, काही नव्हतं. नुसत्या रेषा. त्याने काय काय केलं, ते मला शिकवा."

"अहो, मी रिटायर झालोय."

"मग वेळ असेलच."

दातारांनी चित्र भिंतीवरून काढलं आणि तिच्या हातात भिंग दिलं. भिंगातून बघितल्यावर तिला पहिला धक्का बसला. झाड नव्हतंच. पानं तर एकही नव्हती. होती ती नुसती वेटोळी, कोणी पेन चालतं का ते बघायला गिरवावं तशी. खोडावर वळणाच्या आखूड रेषा, खोडाच्या गोलाईबरोबर वाकलेल्या, आणि सावलीत त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या. पाणी म्हणजे कोरा कागद आणि त्यावर चार आडव्या रेषा. लांबच्या शेतांत रेषा बारीक आणि जवळजवळ होत गेलेल्या. ते गाव म्हणजे तर पुसट टिंबं आणि एक उभा ओरखडा. भिंग बाजूला केलं की परत गाव.

"आता हे बघा," म्हणून दातारांनी स्वतःचा एक जुना पत्रा काढला. "जस्ताचा आहे. यावर मेण आणि डांबराचा पातळ थर देतात. सुईने फक्त तो थर खरवडायचा. मग पत्रा आम्लात. थर जिथे निघालाय तिथे आम्ल धातू खातं आणि खळगा पडतो. खळग्यात शाई बसते. लांबचं गाव थोडाच वेळ आम्लात ठेवायचं. मग पत्रा बाहेर काढायचा, धुवायचा, गावावर वॉर्निश फासून त्याचं तोंड बंद करायचं, आणि परत आत. मग शेतं बंद, परत आत. झाड शेवटपर्यंत आम्लात. त्याच्या रेषा सगळ्यात रुंद आणि काळ्या."

"म्हणजे जवळचं ते खोल, आणि लांबचं उथळ?"

"अक्षरशः. बोट फिरवा."

तिने डोळा मिटून पत्र्यावर बोट फिरवलं. खाली खरखरीत, मध्ये कमी, वर जवळपास गुळगुळीत. डोळा गेल्यापासून जे अंतर तिला कुठेच सापडत नव्हतं ते बोटाखाली चक्क लागत होतं. ती परत परत बोट फिरवत राहिली, इतकी की दातार म्हणाले, "बास, पत्रा झिजेल."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज खाली जाऊ लागली. पहिली अडचण सुईचीच होती. सुई पत्र्याच्या अलीकडे हवेत फिरे, नाहीतर धसकन टोचे. दातारांनी सांगितलं, "आधी करंगळी टेकवा. ती पोहोचली की सुईला सांगेल." करंगळी टेकवायची सवय पुढे स्वयंपाकघरातही गेली, आणि मोहरी कढईत पडायला लागली. पहिलं चित्र तिने आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या इमारतींचं केलं. सगळं एकाच वेळी आम्लात टाकलं, सगळं सारखंच काळं आलं.

दातारांनी कागद उजेडात धरला. "चटई सुरेख झालीय," ते म्हणाले.

रतन चिडली नाही. चिडण्यापेक्षा ती आता सारखी प्रश्नांत गुंतलेली होती. समोरची टाकी त्या इमारतीच्या पुढे आहे हे मला कशावरून कळतं? अर्धी झाकली गेलीय त्यावरून. आणि झाकलेली नसती तर? बसस्टॉपवर, भाजीवाल्यासमोर, ती अशी डोकं एकीकडे कलवून उभी असायची. मी एकदा विचारलं, "मान आखडलीय का गं?" तर म्हणाली, "नाही, डोकं हलवलं की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. तुम्हीही बघा." मी घरी येऊन गॅलरीत बघितलं. खरंच सरकतं.

दिवाळीनंतर ती लोणीला माहेरी गेली. तिची आई सरुबाई शेतातल्या घरात राहते. रतन रोज सकाळी कालव्याच्या भरावावर जाऊन बसे. डाव्या हाताला वळत गेलेला कालवा, समोर ऊस, मग कांद्याचं रान, मग बाभळीची रांग, मागे सोलापूर रस्ता आणि त्याच्या पलीकडे निळसर डोंगर. हॉलंडसारखंच सपाट, असं तिला वाटलं. पायाशी उसाचं पान न् पान वेगळं, त्याची कडही दिसते. थोडं पुढे पानं जाऊन नुसती सळसळ उरते. त्याच्या पुढे नुसता एक हिरवा पट्टा, वर दातेरी. पानं कुठे संपतात आणि पट्टा कुठे सुरू होतो, ती जागा ती शोधत होती. जागा काही सापडेना.

सरुबाई डबा घेऊन आली. "काय बघतीस गं एवढं? ऊसच हाय न्हवं?"

"आई, तो तिकडचा ऊस लांब आहे हे तुला कसं कळतं?"

"लांब हाय म्हनून," सरुबाई म्हणाली. मग थोडा वेळ तीही बघत बसली. "तिकडचा धुरकाटल्यावानी दिसतो बघ. सकाळी जास्त."

रतनने वहीतल्या चित्रात तिकडच्या उसाच्या रेषा पुसट केल्या.

कोथरूडला परत आल्यावर तिने ते चित्र पत्र्यावर उतरवलं. डोंगर आणि बाभळी आधी बंद केल्या, मग कांद्याचं रान, आणि पुढचा ऊस आम्लात राहू दिला. शटलच्या पिसाने बुडबुडे सारताना तिचा हात क्षणभर थांबला, हे दातारांनी पाहिलं. मग तिने काम पुढे चालू केलं. दोघांनी मिळून छापयंत्राचं चाक फिरवलं. ओलसर कागद उचलला तेव्हा खाली लोणी होतं. आत जाणारं. विश्वजीतने सुरळीतून बघितलं आणि नुसतं "बाप रे" म्हणाला. सरुबाईला दाखवलं तेव्हा तिने मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"कालवा हिकडं कुठं हाय आपला? डाव्या हाताला हाय. तू उजवीकडं नेलास."

छापताना चित्र आरशासारखं उलटतं, हे रतनला दातारांनी सांगितलं होतं. ती विसरली होती. सरुबाईने तरी ते चित्र ठेवून घेतलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कालवा कुठे पाहिजे होता ते बोट दाखवून सांगू लागली.

पुढची गोष्ट परत त्या जुन्या चित्रामुळेच घडली. त्या हॉलंडवाल्याने वर कोऱ्या आकाशात दोन पक्षी काढले होते, दोन वाकड्या रेघा. एक दिवस रतन त्यांच्याकडे बघत बसली. झाड कुठे आहे कळत होतं, गाव कुठे आहे कळत होतं. पक्षी जवळ आहेत की लांब, हे काही केल्या कळेना.

"सर, हे पक्षी कुठे आहेत?"

दातारांनी पाहिलं. "आकाशात."

"म्हणजे कुठेही असू शकतात. त्यांच्या शेजारी काही नाही, मागे काही नाही, कोरा कागद." ती उठली. "आमच्या हॉलचं छत पांढरं आहे, सर. मी तिथे शटल शोधत होते."

तिने त्याच संध्याकाळी वैष्णवीला फोन लावला.

"मॅम, आय ॲम सो सॉरी, मी कॉल करणार होते, पण..."

"ते नंतर. सकाळी हॉलवर येशील का? मला उंच शटल मारून देणारं कोणीतरी हवंय."

"मॅम, मी तुमच्या दिशेने नाही मारू शकत. माझा हातच उठणार नाही."

"मी गॉगल घालणार आहे. तूही घाल. आणि स्मॅश नको, उंच, हळू लॉब. ये."

वैष्णवी आली. हॉलच्या टोकाच्या कोर्टवर छत रंगवलेलं नव्हतं. छताला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या उघड्या होत्या, मागे गॅलरीचा गजांचा कठडा. रतन तिथे उभी राहिली. पहिली बरीच शटलं चुकली. मग तिने एका जागी उभं राहणं सोडलं. शटल वर गेलं की ती बाजूला एक पाऊल टाके. कैच्यांच्या रेषांवरून शटल सरके, आणि किती सरकलं त्यावरून ते किती जवळ आहे याचा अंदाज येई. एक शटल रॅकेटला लागलं. कडेला, वाकडं, पण लागलं. वैष्णवी ओरडलीच. तिने मग स्वतः एक डोळा हाताने झाकून एक उंच शटल घ्यायचा प्रयत्न केला, सपशेल चुकली, आणि कोर्टवरच बसली.

"मॅम, हे इम्पॉसिबल आहे."

"नाही, अवघड आहे."

वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मला काहीच का नाही बोललात? एकदा ओरडला असतात तरी चाललं असतं."

रतन तिच्याशेजारी बसली. "नेटपाशी पाठ करून मी उभी होते. कोणीही उभं राहायची ती जागा नव्हे, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगते. आणि स्मॅश चांगला होता. उगाच का खेळ सोडलास?"

आता रतन लहान मुलांची बॅच घेते. सगळ्यांना गॉगलची सक्ती आहे, कुणाच्या आईवडिलांनी कितीही कुरकुर केली तरी. मोठ्यांच्या बॅचला उंच शटल मारून द्यायला वैष्णवी येते, कारण ते रतनला अजूनही भरवशाने जमत नाही, आणि कदाचित कधीच जमणार नाही. हे ती सरळ सांगते. हायवे ओलांडताना ती अजून विश्वजीतचा दंड धरते.

दुपारी मात्र ती खाली दातारांकडे असते. सध्या सोलापूर रस्त्याचं चित्र चालू आहे. पुढे विजेचा खांब आणि त्याच्या तारा, अगदी डोळ्यासमोरून जाणाऱ्या. तिथे तिची पंचाईत झाली. तार जवळ आहे, म्हणजे ती खोल हवी. खोल केली की रुंद होते, आणि तारेचा दोरखंड होतो. उथळ ठेवली तर मागच्या डोंगरात जाऊन बसते.

"सर, जवळची पण बारीक वस्तू कशी करायची?"

दातारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला नाही माहीत. त्या हॉलंडवाल्याने कशी केली असती कोण जाणे. त्याच्याकडे तारा नव्हत्या."

परवा मी गेले तेव्हा तिने एकच तार तीन प्रकारे काढून तीन लहान पत्रे आम्लात सोडले होते, आणि ती नि दातार आम्लाच्या ताटावर वाकून बसले होते. मी विचारलं, "कुठला बरोबर येईल?"

"गप्प बसा हो जरा," रतन मान वर न करता म्हणाली, "आत्ता कळेल."